रिपोर्ट कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले, तर उजवा हात वर जाईना. तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिलेला हात! सोलापूरला जाऊन खांद्याचा एमआरआय काढला. रिपोर्ट दोन पानी. 'कंडरा फाटली आहे' एवढेच मला उमगले. (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.) ऑपरेशन ठरेल म्हणून मुलाने रजाही टाकली. सर्जन मात्र रिपोर्ट वाचून म्हणाले, "बाई, फाटलीय हे खरं. पण शिवता येईल का, ते यात कुठंच नाही."

मग जुने वाचत बसले. बोस्टनच्या डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये अशी कंडरा शिवली. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि कॉडमन त्यांच्या पहिल्या अभ्यासकांपैकी. पण त्या फोटोत हाडे दिसत, कंडरा नाही. ती खांदा उघडल्यावरच कळे. शिवाय रोग्याला पुढे गुण आला का, याची ते कार्डावर नोंद ठेवत. म्हणजे फोटो पाहणारा, कापणारा आणि नंतर विचारपूस करणारा माणूस एकच!

एमआरआय आला (त्यासाठी लाउटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले) आणि कंडरा न कापता दिसू लागली. पण आता पाहणारा वेगळा, कापणारा वेगळा. आम्हा कुर्डुवाडीकरांना हे लगेच कळेल. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट अडीच फुटी, मुख्य लाइन साडेपाच फुटी. एका गाडीतला माल दुसरीत चढवायला मध्ये हमाल लागायचे. रिपोर्टचे काम तेच.

सर्जनला हवे असते ते असे: फाट पूर्ण की अर्धवट, किती सेंटिमीटर, टोक किती मागे ओढले गेले, आणि स्नायूत चरबी किती. चरबीसाठी फ्रान्सच्या गुतालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून शून्य ते चार अशा पायऱ्या सांगितल्या. पुढे त्या एमआरआयलाही लावल्या गेल्या. तिसऱ्या पायरीला चरबी स्नायूइतकीच होते, मग शिवलेले टिकण्याची आशा कमी.

सर्जननी फोन करून विचारले. माझी तिसरी पायरी. ऑपरेशन रद्द, व्यायाम सुरू. ती एक ओळ आधीच लिहिली असती, तर तीन आठवड्यांचा घोर वाचला असता.

पण रागवू कुणावर? प्रगतिपुस्तकात मीही वर्षानुवर्षे 'प्रगती समाधानकारक' असेच लिहीत आले. मुलाचे नेमके काय अडते, हे त्यावरून कोणत्या पालकाला कळले असेल?