खिशातली खिडकी, बेलापूरची खातेवही

परवा एका मित्राचा फोन आला. "अरे, आमच्या कंपनीत ईआरपी आहेच. त्याला फक्त एक मोबाईल अ‍ॅप जोडायचंय. दोन आठवड्यांत होईल ना?"

हा 'फक्त' शब्द ऐकला की मला बेलापूर आठवतं.

लोकल १९९३ मध्ये बेलापूरला पोचली. सिडकोने 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' असं भारदस्त नाव दिलेल्या या भागात आज सिडको भवन आहे, कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे. आणि सेक्टर ११ मध्ये आहे स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर. बाहेरून बघून काही कळत नाही. पण जुन्या सॉफ्टवेअरला मोबाईल जोडणं म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं असेल तर या बँकेसारखं उदाहरण नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात मोबाईलच्या बरीच आधी होते. बँकांमध्ये यंत्रं आणायची का, यावर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. नव्वदच्या दशकात स्टेट बँकेच्या शाखांमध्ये 'बँकमास्टर' नावाचं सॉफ्टवेअर बसलं. कारकुनासमोर पडदा आला, पासबुक छापून मिळायला लागलं. लोकांना वाटलं, झाली बँक कॉम्प्युटराइज्ड!

पण खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक शाखेचा सर्व्हर वेगळा, प्रत्येकीची खातेवही वेगळी. "माझं खातं ठाण्याच्या शाखेत आहे" हे वाक्य तेव्हा शब्दशः खरं होतं. खातं खरंच ठाण्यातल्या त्या कॉम्प्युटरमध्ये होतं, बाकी कुठेच नाही. समजा १९९८ मध्ये कुणी एखादं झकास मोबाईल अ‍ॅप लिहिलं असतं, तर ते जोडणार कशाला? हजारो शाखा म्हणजे हजारो बेटं.

२००२-०३ च्या सुमारास बँकेने कोअर बँकिंगचं काम टीसीएसकडे दिलं. मूळ सॉफ्टवेअर सिडनीच्या एफएनएस या कंपनीचं, नाव 'बँक्स'. (पुढे २००५ मध्ये टीसीएसने ती कंपनीच विकत घेतली.) नऊ हजारांहून जास्त शाखा एकेक करून मध्यवर्ती खातेवहीवर आणायच्या होत्या. हे काम २००८ पर्यंत चाललं. ज्यांनी कधी डेटा मायग्रेशन केलंय त्यांना यातलं दुखणं सांगायला नको. एकाच माणसाचं एका खात्यात 'कुलकर्णी', दुसऱ्यात 'कुळकर्णी', तिसऱ्यात नुसतंच 'व्ही. के.'. तो एकच माणूस आहे हे मशीनला कोण सांगणार?

आता यातली तारीख बघा. ८ ऑक्टोबर २००८ ला रिझर्व्ह बँकेने मोबाईल बँकिंगची पहिली नियमावली काढली. त्यात एक अट होती: ज्या बँकांकडे कोअर बँकिंग आहे, त्यांनाच मोबाईल बँकिंगची परवानगी. मला ही अट फार आवडते. म्हणजे नियम करणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं, की आधी खातेवही एक करा, मग खिडकी उघडा. दिवसाला ५,००० रुपये पाठवायला आणि १०,००० रुपये खरेदीला, एवढीच मर्यादा होती. डिसेंबर २००९ मध्ये ती ५०,००० झाली आणि डिसेंबर २०११ मध्ये काढूनच टाकली.

त्या काळात स्टेट बँकेची 'स्टेट बँक फ्रीडम' ही सेवा होती. जावा चालणाऱ्या साध्या फोनवर अ‍ॅप, ते नसेल तर एसएमएस. मजा म्हणजे मोबाईल नंबर खात्याशी जोडायला एटीएमवर जावं लागायचं. आज हे हास्यास्पद वाटेल. पण विचार केला तर बरोबरच होतं. फोन कुणाचाही असू शकतो. कार्ड आणि पिन मात्र बँकेला आधीपासून ओळखीचे होते. नव्या पाहुण्याची ओळख जुन्या पाहुण्याने करून द्यायची, तसं.

आणि ही एटीएमची मदत तेवढ्यावर थांबत नाही. एटीएम बँकेशी ज्या भाषेत बोलतं तिचं नाव आयएसओ ८५८३, मानक १९८७ सालचं. एटीएम ०२०० क्रमांकाचा निरोप पाठवतं: एवढे पैसे द्यायचेत, चालेल का? उत्तर ०२१० मध्ये येतं. खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर ०४२० जातो: मघाचं रद्द करा. (हो, ४२०. योगायोग!) २२ नोव्हेंबर २०१० ला एनपीसीआयने आयएमपीएस सुरू केलं ते याच भाषेवर, आणि बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारा जो रस्ता आधीच तयार होता त्याच रस्त्यावरून. नवीन सेवा, जुने रूळ.

आता थोडं माझं. काही वर्षांपूर्वी आम्ही तुर्भ्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे असंच 'फक्त एक अ‍ॅप' लावलं होतं. सेल्समनने दुकानात उभं राहून ऑर्डर टाकायची, ती थेट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. डेमो मस्त झाला. पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराकडे तोच माल तीनदा पोचला. नेटवर्क मंद होतं, उत्तर आलं नाही, म्हणून आमच्या अ‍ॅपने इमानदारीत तीच ऑर्डर परत परत पाठवली. खरं तर पहिली केव्हाच पोचली होती. चूक सर्वस्वी आमची, पण बोलणी खाल्ली त्या सेल्समनने. दुकानदाराचा त्याच्यावरचा विश्वास गेला, तो आम्ही कुठल्या व्हर्जनमध्ये परत देणार होतो?

उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. एवढं एक वाक्य आम्हाला माहीत असतं तर! बँकांच्या लोकांना ते फार आधीपासून माहीत होतं. आयएसओ ८५८३ मध्ये ३७ वा रकाना असतो, १२ अक्षरी संदर्भ क्रमांकाचा. हा व्यवहार म्हणजे नेमका तोच व्यवहार, हे ओळखायची खूण. तुमच्या फोनवरची यूपीआयची एखादी पावती उघडा. ११ एप्रिल २०१६ ला आलेल्या यूपीआयचे निरोप एक्सएमएलमध्ये असतात, पण पावतीवर १२ आकडी क्रमांक दिसेल. तो त्याच रकान्याचा वारसा. आम्ही शेवटी प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक क्रमांक द्यायला लागलो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवीन ऑर्डर न बनवता जुनंच उत्तर परत द्यायचं ठरवलं. रात्र वाचली.

पुढे २४ नोव्हेंबर २०१७ ला स्टेट बँकेचं 'योनो' आलं. त्याच वर्षी १ एप्रिलला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक तिच्यात विलीन झाल्या होत्या. पडदा नवा कोरा, मागे मात्र तीच खातेवही. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अडकलेल्या पैशांनाही मुदत घातली: यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे अधांतरी राहिलेला व्यवहार हा अपवाद नाही, तो होणारच, हे नियमानेच मान्य केलं. महिनाअखेरीला घरभाडं पाठवताना ज्याचे पैसे असे लटकलेत, त्याला याची किंमत विचारा.

मित्राला शेवटी मी तीन प्रश्न विचारले. तुमच्या ईआरपीत एका गिऱ्हाईकाची एकच नोंद आहे का? फोन कुणाचा आहे हे ईआरपीला कोण सांगणार? आणि उत्तर आलं नाही तर तुमचं अ‍ॅप काय करणार?

तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "दोन आठवडे नाही होणार का रे?"

होतील की. पडद्याचे.