गूळपापडी, चिक्की आणि खरकटं

कॅम्पफायर म्हटलं की हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन सिनेमातलं चित्र येतं. शेकोटी, गिटार आणि काठीच्या टोकाला खोचलेला मार्शमॅलो. ठाण्यातल्या नाहीतर डोंबिवलीतल्या सुपरमार्केटमध्ये मार्शमॅलो मिळायला लागल्यापासून ही मंडळी रविवारच्या ट्रेकलाही येऊ लागली आहेत. बिस्किटावर चॉकलेट, त्यावर वितळलेला मार्शमॅलो, वर आणखी एक बिस्कीट. याला 'स्मोर' म्हणतात, म्हणजे 'आणखी थोडं'. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या एका पुस्तकात याची कृती छापलेली आहे, तेव्हा पदार्थाला शंभरेक वर्षं होत आली.

पदार्थ वाईट नाही. पण आपल्याकडे तो करून पाहिलेल्या कुणालाही विचारा. हात चिकट, काठी चिकट, सॅकची चेन चिकट, आणि वर गडावर पाणी टाक्यातलं, तेही जपून वापरायचं. शिवाय मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, म्हणजे ग्रुपमधले शाकाहारी बाद. इथल्या डोंगरासाठी गोड पदार्थाच्या रिक्वायरमेंट्स लिहून काढल्या तर यादी छोटीच होते. वजन कमी, ताकद जास्त, चार-आठ दिवस टिकेल, पाणी लागणार नाही, भांडं लागणार नाही, हात बरबटणार नाहीत. गंमत अशी की हे स्पेसिफिकेशन आपल्याकडे फार पूर्वीच लिहून, टेस्ट करून, प्रॉडक्शनला गेलेलं आहे. त्याला शिदोरी म्हणतात.

आणि ते कल्याणच्या वाटेवर तर फारच जुनं असणार. कल्याण म्हणजे आपल्या लेखी जंक्शन, पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात 'कॅलिएना' म्हणून या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढावा लागे, आणि त्यासाठी मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्यापाशी चढणारा नाणेघाट होता, थेट जुन्नरला नेणारा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले याचे आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथली आहेत. (आपल्यासारख्या दिवसभर आकड्यांत बसणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन पाहावेत!) बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात पडत, असं परंपरेनं सांगतात.

त्या घाटातून बैल, गाढवं, हमाल, भिक्खू, व्यापारी शतकानुशतकं चढले-उतरले. ते वाटेत काय खात होते याची नोंद कुणी दगडात कोरली नाही. गायींचा हिशोब लिहिला, शिदोरीचा नाही. पण त्या काळात या भागात काय होतं ते माहीत आहे. तीळ, ऊस, गूळ, तांदूळ, जोंधळा, हरभरा, खोबरं. यातून न सांडणारं, न नासणारं गोड करायचं तर फार पर्याय उरत नाहीत. भाजायचं, कुटायचं आणि गुळात वळायचं.

इथे एक लाडका समज जरा हलवायला हवा. गडावर चिक्की काढली की कुणीतरी म्हणतंच, "मावळे हेच खायचे रे, गूळ-शेंगदाणे!" शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपियन लोकांच्या मागोमाग तो भारतात आला आणि पश्चिम भारतात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकात. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली १६५७ साली. तेव्हा इथल्या शिपायाच्या कमरेला बांधलेल्या फडक्यात शेंगदाणे असतील याची शक्यता फारच कमी. लाह्या, पोहे, फुटाणे, गूळ, तीळ, सुकं खोबरं, नाचणी-जोंधळ्याची भाकरी हे जास्त पटतं. यानं मावळ्यांचं काही कमी होत नाही. उलट शेंगदाण्याशिवाय ते एवढं चढत होते, हे लक्षात घ्या.

आता 'हात न बरबटणारं' या अटीकडे येऊ, कारण खरा इतिहास तिथे आहे. 'मेस-फ्री'ला मराठीत नेमका शब्द काय, असा विचार केला तर आपल्या आज्यांचा एक शब्द आठवतो: खरकटं. किंवा त्याच्या उलट, खरकटं नसलेलं. आज खरकटं म्हणजे उष्टी भांडी नि सांडलेलं अन्न. पण जुन्या घरांत त्याचा अर्थ स्वच्छतेपुरता नव्हता. पाण्यात शिजवलेलं अन्न, म्हणजे भात, वरण, पाण्यात भिजवलेल्या कणकेची पोळी, हे खरकटं. त्याला शिवाशिव लागू. ते कुणी शिजवलं, कुणी शिवलं, कुठे बसून खाल्लं, सगळ्याला नियम. तुपात तळलेलं, भाजलेलं, दुधात भिजवलेलं मात्र त्यातून बऱ्याच अंशी सुटायचं. म्हणून प्रवासात दशमी. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की तीच पोळी प्रवासात चालत असे. त्याच न्यायानं लाडू, गूळपापडी, तुपातले फराळाचे पदार्थ.

म्हणजे आज आपण ज्याला सोयीचा ट्रेक-स्नॅक म्हणतो, त्याच्या घडणीत सोयीइतकाच वाटा सोवळ्याचाही होता. वाटेत भलत्याच्या हातचं खावं लागू नये, भलत्याच्या पंगतीला बसावं लागू नये, म्हणून घरून नेलेला कोरडा डबा. आणि ज्यांचा स्पर्श टाळण्यासाठी हा डबा होता, ते लोकही त्याच वाटांवरून चालत होते, बहुतेक वेळा डोक्यावर दुसऱ्यांचं ओझं घेऊन. गूळपापडीचं कौतुक करताना हे सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. 'आमच्या पूर्वजांचं एनर्जी बार' एवढंच म्हटलं की गोष्ट फार गोड होते.

या व्यवस्थेला मोठा धक्का दिला तो रेल्वेनं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत. तिकीट काढलं की शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही! लोक बसले. कुरकुरत का होईना, पण बसले. मात्र खाण्यापिण्याच्या बाबतीत हट्ट सहज गेला नाही. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी सोय स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत चालू होती. अशा गाडीत काय विकलं जाईल? कोरडं, टिकाऊ, हातात धरून खाता येणारं, ज्याला खरकट्याची भीती नाही असं काहीतरी.

इथेच चिक्की येते. कल्याणहून पुढे लोहमार्गाला दोन घाट लागले. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, कसाऱ्याकडचा थळघाट १८६५ मध्ये. बोरघाटाच्या कामावर हजारो मजूर होते आणि साथीच्या रोगांनी, अपघातांनी त्यांतले हजारो मेलेही. या मजुरांसाठी गूळ, तूप आणि शेंगदाण्याची 'गूडदाणी' करून विकली जायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. पुढे रेल्वेच्याच सांगण्यावरून ती बांधून गाडीत विकायला लागले, असा या गोष्टीचा पुढचा भाग. गोष्टीचा शब्दन् शब्द खरा असेल असं नाही, पण सगळे धागे जुळतात खरे. नव्यानं स्वस्त होत चाललेला शेंगदाणा, घाट चढायला जादा इंजिन लावायचं म्हणून थांबणाऱ्या गाड्या, आणि खरकट्याला घाबरणारे पण भुकेले प्रवासी. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, आणि चिक्की तिथल्या बाजारातही जाऊन बसली.

चिक्की का टिकते, हा भाग इंजिनियरच्या आवडीचा. गुळाचा पाक उकळत राहिला की त्यातलं पाणी उडत जातं आणि तापमान चढत जातं. १५० अंशांच्या आसपास पाण्याचा अंश जेमतेम एखाद टक्का उरतो. थेंब गार पाण्यात टाकला तर कडक होऊन 'टण्' वाजतो, हीच आजीची टेस्ट केस. असा पाक थंड झाला की साखरेची काचच होते. एवढ्या कमी पाण्यात बुरशी वाढू शकत नाही. पण या काचेला हवेतला दमटपणा ओढून घ्यायची वाईट खोड आहे. म्हणून डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर कुरकुरीत असलेली चिक्की जुलैत गोरखगडावर नेली की कागदाला चिकटते आणि दाताला तर चिकटतेच.

पावसाळ्यात गूळपापडीच खरी. तिच्यात पाक नाहीच. दोन वाट्या कणीक एक वाटी तुपात मंद आचेवर खमंग, बदामी रंगावर भाजायची, म्हणजे पिठातला ओलावा गेला. गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग दीड वाटी बारीक किसलेला गूळ घालून भराभर ढवळायचं. गूळ फक्त विरघळायला हवा, शिजायला नको. गॅस चालू ठेवून गूळ शिजवलात तर वडी गडाच्या तटबंदीला वापरता येईल. वेलची, थोडं भाजलेलं खोबरं घाला, ताटात थापा, कोमट असतानाच वड्या पाडा. पिठाच्या प्रत्येक कणावर तुपाचा लेप असल्यामुळे दमट हवा आत शिरायला वेळ लागतो. स्टीलच्या डब्यात आठवडाभर सहज राहते. वजनाला कमी, पोटाला भारी.

असाच गोड खुराक बाहेरच्या डोंगरांवरही असायचा. २९ मे १९५३ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरी आणि तेनसिंगनी केंडल मिंट केक खाल्ला. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ही साखर-पेपरमिंटची वडी म्हणजे त्यांची गूडदाणीच. तेनसिंगनं तिथेच बर्फात छोटा खड्डा करून चॉकलेट, बिस्किटं आणि गोळ्या ठेवल्या, नैवेद्य म्हणून. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली, आणि नंतरच्या दशकांत कर्जत-कसारा लोकलच्या डब्यांत शनिवार रात्रीच्या सॅक दिसायला लागल्या. त्या सॅकमध्ये मात्र गोड म्हणून सर्वांत जास्त काय गेलं असेल तर पार्ल्याचं ग्लुकोज बिस्कीट. १९३९ पासून ते बनतंय. चहात बुडवलं की डेझर्ट, नुसतं खाल्लं की जेवण.

पण मग शेकोटीवरचं गोड आपल्याकडे नव्हतंच का? होतं की. कोकणात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, वरून आग, पाण्याचा थेंब नाही. त्यात रताळी टाकली की तीच गोड बाजू. आणि पानगी! तांदळाच्या पिठात गूळ, किसलेलं खोबरं, चिमूटभर मीठ घालून सरसरीत भिजवायचं, केळीच्या पानावर थापायचं, वर दुसरं पान, आणि तवा किंवा निखारे. पान करपेपर्यंत आत पानगी तयार. जे काम परदेशी कॅम्पिंगच्या पुस्तकांत अॅल्युमिनियमची फॉइल करते ते इथे पान करतं, आणि खाऊन झाल्यावर ते बैलाला देता येतं. फॉइल देऊन पाहा!

फॉइलचं आणि वेष्टनांचं सांगायला हवंच, कारण आजचं खरकटं ते आहे. शिवाशिवीचं खरकटं आपण (बरंचसं) मागे टाकलं, आणि मेटलाइज्ड पाकिटांचं गडावर आणून ठेवलं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, पण चॉकलेट-बिस्किटांची वेष्टनं टाक्यांच्या पाण्यावर अजून तरंगताना दिसतात. एका वडीला एक पाकीट हा हिशोब डब्यातल्या गूळपापडीला लागू होत नाही.

आणि शेकोटीचं. आसनगावहून जवळचा माहुली तानसा अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर तिथलं गवत इतकं वाळलेलं असतं की धोका न होणारी आग कुठली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. त्यामुळे वर गूळपापडी न्यायची, आणि पानगी करायचीच असेल तर खाली माहुली गावात कुणा मावशींना विचारून त्यांच्या चुलीवर. तांदळाचं पीठ आणि गूळ आपला न्यावा. पान बहुतेक तिथेच मिळतं, नाहीतर मावशी पळसाचं आणून देतात.