आधुनिकतेचा वाद आणि मराठवाड्याचा अनुभव

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात गेल्या अर्धशतकात 'आधुनिकता' या एका संकल्पनेवर जितकी चर्चा झाली, तितकी फारच थोड्या संकल्पनांवर झाली असेल. पॅरिस आणि फ्रँकफर्ट येथील विचारवंतांत रंगलेला हा वाद आता आपल्या विद्यापीठांपर्यंत येऊन पोहोचला आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले जळकोट हे १९९९ साली लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण झाले. अशा गावातून एखादा बौद्ध विद्यार्थी नांदेडला उच्च शिक्षणासाठी जातो, तेव्हा बुद्धिवाद, विज्ञान आणि प्रगती ही सत्तेचीच निरनिराळी रूपे होत, असे प्रतिपादन त्याच्या वाचनात येते. ज्याच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारी ही दुसरी किंवा तिसरीच पिढी आहे, त्याने या प्रतिपादनाचे काय करावे? हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही, तर आपल्या चळवळीच्या वैचारिक पायाशी निगडित आहे. म्हणून त्याचा येथे इतिहासाच्या अंगाने विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हा वाद थोडक्यात समजून घेऊ. १७८४ साली जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने 'प्रबोधन म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर देताना, मनुष्याने दुसऱ्याच्या आधाराविना स्वतःची बुद्धी वापरण्याचे धाडस करावे, असे सांगितले. युरोपीय आधुनिकतेचे हे जणू घोषवाक्यच ठरले. परंतु विसाव्या शतकात दोन महायुद्धे झाली, ज्यूंचा पद्धतशीर संहार झाला आणि अणुबॉम्बही पडला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात होर्कहायमर व अडोर्नो यांनी असे दाखविले की, ज्या बुद्धीने मनुष्याला भयापासून मुक्त करावयाचे, तीच बुद्धी निसर्गावर व माणसांवर हुकमत गाजविण्याचे हत्यार बनली. पुढे फूको याने १९७५ साली तुरुंग, शाळा व कारखाना यांतील शिस्तीचे सत्तास्वरूप उलगडून दाखविले. १९७९ साली ल्योतार याने मानवमुक्तीच्या महाकथांवरचा विश्वासच संपुष्टात आल्याचे जाहीर केले. याउलट हाबरमास याने १९८० साली फ्रँकफर्ट येथील व्याख्यानात, आधुनिकता हा अपूर्ण राहिलेला प्रकल्प आहे, तो टाकून न देता पूर्ण केला पाहिजे, अशी भूमिका मांडली.

भारतात हा वाद नवा नव्हता. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकात गांधीजींनी यंत्रे, रेल्वे, वकील व डॉक्टर यांच्यासह संपूर्ण आधुनिक सभ्यताच नाकारली होती. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ सालच्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात जे उत्तर दिले, ते आजही मननीय आहे. यंत्रयुगातील दोष बाबासाहेबांनी नाकारले नाहीत. परंतु हे दोष यंत्राचे नसून ज्या समाजरचनेत यंत्र वापरले जाते तिचे आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. पशू आणि मनुष्य यांत भेद असेल तर तो संस्कृतीचा होय. संस्कृतीला फुरसत लागते, आणि राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळवून देण्याचे सामर्थ्य यंत्रातच आहे. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी ग्रामव्यवस्थेच्या उदात्तीकरणावरही कठोर प्रहार केला. ज्यांनी गावकुसाबाहेरून गाव पाहिले, त्यांना त्या भाषणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तथापि, बाबासाहेबांची आधुनिकता ही युरोपची उसनवारी होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात असताना ते जॉन ड्यूई या थोर अमेरिकन तत्त्वज्ञाच्या सहवासात आले. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभवांची देवाणघेवाण करण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार १९३६ सालच्या 'जातिसंहार' या निबंधात त्यांनी भारतीय समाजाच्या परीक्षेसाठी वापरला. जातीजातींत विभागलेल्या समाजात ही देवाणघेवाणच होत नाही, म्हणून तेथे लोकशाही रुजत नाही. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. त्याच्या चारच दिवस आधी, १ जूनला, ड्यूई निवर्तले होते. ज्या गुरूचे ऋण बाबासाहेबांनी जाहीरपणे मान्य केले, त्याची भेट अशी चार दिवसांनी हुकली.

पण ३ ऑक्टोबर १९५४ रोजीच्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतलेली आहेत. या विधानाकडे निव्वळ श्रद्धेचा उद्गार म्हणून पाहता येणार नाही. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरा, ग्रंथप्रामाण्य वा गुरूचा अधिकार यांवर विसंबू नका, स्वानुभवाने पारखून घ्या, असा उपदेश केसपुत्तच्या कालामांना केला. कान्टने जे धाडस अठराव्या शतकात मागितले, ते या भूमीत अडीच हजार वर्षांपूर्वी मागितले गेले होते. बुद्धिस्वातंत्र्य ही पश्चिमेची मिरास नव्हे, हे एकदा ध्यानात आले की, 'आधुनिकता म्हणजे परकीय आक्रमण' हा आक्षेप आपल्यापुरता निराधार ठरतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राजवटीत १९१८ साली हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठवाड्यातील मुलाला पदवी मिळवावयाची तर हैदराबाद गाठावे लागे. अस्पृश्य मुलाला तर गावची शाळाही हैदराबादइतकीच दूर होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव देण्यात आले, आणि सभोवतालचा परिसर 'नागसेनवन' झाला.

या नामकरणात एक संपूर्ण शिक्षणविचार सामावलेला आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. त्याने भदंत नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले आणि समाधान झाल्यावर राजेपणाचा अभिमान न बाळगता त्यांचे शिष्यत्व पत्करले, असे 'मिलिंदपञ्ह' सांगतो. प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य आणि पटल्यावर हार मान्य करण्याचा प्रामाणिकपणा, हे दोन्ही गुण विद्यार्थ्याच्या ठायी असावेत, असा त्या नावाचा आशय आहे. तो विद्यार्थ्यांनी सार्थ केला. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक आणि दलित साहित्याचा मोठा प्रवाह याच परिसरातून पुढे आला.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेडोपाडी दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना ऑगस्ट १९७८ मध्ये ठार मारण्यात आले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ चा दिवस उजाडावा लागला.

या घटनेकडे आधुनिकतेच्या वादाच्या संदर्भात पुरेसे पाहिले गेलेले नाही, असे आमचे मत आहे. तिच्यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही की, आधुनिकतेला कंटाळून ज्या गावाकडे परतण्याचा सल्ला दिला जातो, ते गाव सर्वांना सारखाच आसरा देत नाही. दुसरी अधिक अस्वस्थ करणारी आहे. विरोधाचे मोर्चे काढणाऱ्यांत विद्यापीठात शिकलेले तरुणही होते. शिक्षण, वर्तमानपत्र, संघटना ही सारी आधुनिक साधने जातीच्या रक्षणासाठी वापरली गेली. बुद्धी हत्यार बनते, हा फ्रँकफर्टचा निष्कर्ष आपण ग्रंथात वाचण्यापूर्वी गावच्या राखेत पाहिला होता.

मग आधुनिकतेवर टीका करणाऱ्यांचे म्हणणे मान्य करावयाचे काय? ते अर्धेच मान्य करावे, असे आम्ही म्हणू. त्यांनी रोग ओळखला, पण औषध टाकून दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञेला शीलाची व करुणेची जोड अनिवार्य मानली आहे. शीलावाचून विद्या घातक ठरते, आणि प्रज्ञा व करुणा यांचा अपूर्व संगम हाच धम्माचा विशेष होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बुद्धीचा दोष बुद्धी टाकून दूर होत नाही. तिला करुणेची साथ मिळाली तरच तो दूर होतो. हाबरमास ज्याला अपूर्ण प्रकल्प म्हणतो, त्यातील उणीव कोणती याचे उत्तर असे नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजीच दिले गेले होते.

म्हणून जळकोटच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, फूको वाचावा, ल्योतार वाचावा, नागसेनापुढे बसलेल्या मिलिंदाप्रमाणे प्रश्न विचारीत वाचावा. पण शाळेची वाट, सार्वजनिक पाण्याचा हक्क आणि संविधानाचे संरक्षण ही ज्या आधुनिकतेची देणगी आहे, ती कोणाच्या सांगण्यावरून टाकून देऊ नये. त्याचबरोबर, केवळ पदवी घेतल्याने माणूस आधुनिक होत नाही, हा १९७८ चा धडाही विसरू नये. आणि आपल्या विहारांनीही एक जबाबदारी उचलली पाहिजे. रविवारच्या वंदनेनंतर विहार मिटून न ठेवता तेथे तासभर तरी प्रश्नोत्तरे व्हावीत, आणि तरुणाने शंका काढली तर ती अश्रद्धा समजली जाऊ नये. जेथे प्रश्नाला आदराने उत्तर मिळते तेच नागसेनवन होय, मग ते औरंगाबादला असो वा जळकोटला.