बेकाराचा भत्ता आणि कमावत्याचा कर

हाताला कसब आहे, अंगात बळ आहे आणि तरीही काम नाही, अशा माणसाचा भार कोणी वाहावा? जुन्या काळी हा प्रश्न कुटुंबाने आणि गावाने आपापल्या परीने सोडविला. माणूस शेत सोडून कारखान्यात आला, तेव्हा तोच प्रश्न सरकारच्या दारी येऊन उभा राहिला. इंग्लंडने १९११ च्या कायद्याने त्याला एक उत्तर दिले. ठराविक धंद्यांतील कामगाराने व मालकाने दर आठवड्यास वर्गणी भरावयाची, सरकारने तीत भर घालावयाची, आणि काम सुटल्यास कामगारास आठवड्याला ७ शिलिंग, फार तर १५ आठवडे, द्यावयाचे. हिंदुस्थानात मात्र १९३१ साली व्हिटली कमिशनने अशी योजना येथे व्यवहार्य मानली नाही. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. परंतु त्यात आजारपण, बाळंतपण आणि कामावरील अपघात यांची तरतूद होती, बेकारीची नव्हती.

महाराष्ट्राने निराळा मार्ग धरिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड सर्वांना पटविली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने काम मागितल्यावर १५ दिवसांत काम न मिळाल्यास त्याला भत्ता द्यावयाचा, आणि तो दिवसाला १ रुपयाहून कमी नसावयाचा, असे त्यात ठरले. रक्कम अल्प खरी. परंतु दान म्हणून मिळणारी वस्तू हक्क म्हणून मिळू लागली, हा फरक लहान नव्हे.

या हमीसाठी पैसा कोठून आला? इतर करांबरोबर १९७५ साली बसविलेला व्यवसाय कर हा त्याचा एक प्रमुख झरा होता. शहरातील नोकरदाराच्या पगारातून तो कापला जाई, आणि अशा करांच्या उत्पन्नाइतकीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालीत असे. घटनेने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. ती १९८८ साली २,५०० रुपये झाली.

नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकच्या रस्त्यावरील सातपूर हे एके काळचे खेडे. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने तेथे वसाहत वसविली, आणि गावाचे कामगारनगर झाले. या कर देणाऱ्यांत सातपूरचा कामगारही होता. दुष्काळी भागातील मजुराच्या हमीस त्याच्या पगारातून हातभार लागला. परंतु त्याचेच काम गेले तर? हमीचा कायदा मुख्यत्वे खेड्यासाठी होता. शहरातील यंत्रकामगारास त्याचा आधार नव्हता.

त्याला आधार होता तो १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात झालेल्या दुरुस्तीचा. कामगार कपात झाल्यास सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे, असा तो दंडक. मात्र जो स्वतः राजीनामा देई, त्यास ती मिळत नसे. १९८४ पासून मुदतीचा करार संपून ज्याची नोकरी गेली, तोही तीस मुकला. म्हणून शेवटच्या कागदावर ‘कपात’ लिहिले आहे की ‘राजीनामा’, यावर एका घराचे कित्येक महिन्यांचे अन्न अवलंबून राहिले.

विमा योजनेत बेकारी भत्ता आला तो २००५ साली. कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास, पुरेशी वर्षे वर्गणी भरलेल्या कामगारास निम्मे वेतन प्रथम सहा महिन्यांपर्यंत मिळू लागले. २०१८ साली निघालेल्या दुसऱ्या योजनेत आयुष्यात एकदाच, ९० दिवसांपर्यंत, वेतनाचा चौथा हिस्सा मिळे. २०२० च्या महामारीत तो निम्मा करण्यात आला.

या रकमांवर कर किती, हा विचार काम शोधणाऱ्यास साहजिकच पडतो. इंग्लंडने १९८२ पासून बेकारी भत्ता करपात्र केला. भारतात कपातीची भरपाई कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात, ५ लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, प्राप्तिकरातून मुक्त ठेवण्यात आली. व्यवसाय कर तर कामावरचाच. काम थांबले की तोही थांबतो. परंतु वर्षाच्या आरंभी पगारातून कापलेला प्राप्तिकर पुढील बेकारीमुळे जास्त ठरला, तर तो आपण होऊन परत येत नाही. विवरणपत्र भरून तो मागावा लागतो, आणि उत्पन्न बुडाल्यावर विवरणपत्र कशाला, या समजुतीने पुष्कळ जण तो सोडून देतात.

महाराष्ट्राने कमावत्याकडून कर घेऊन बेकाराला काम देण्याचे तत्त्व मान्य केले, आणि २००५ साली संसदेने ग्रामीण भारतासाठी त्याचा स्वीकार केला. तेच तत्त्व शहराच्या वाट्यास मात्र पुरतेपणी आले नाही. खेड्यातील मजुराला काम मागण्याचा अधिकार मिळाला. त्यासाठी कर भरणाऱ्या सातपूरच्या कामगाराला मिळाली ती भरपाई आणि थोड्या दिवसांचा भत्ता. कर देणारा हात आज ना उद्या रिकामा होऊ शकतो, याचा हिशेब त्या व्यवस्थेत अपुराच राहिला.