बिजवाईला हात लावायचा नाही

खिशातल्या नोटा आतच राहू द्या, इथे त्या कोणी घेणार नाही. कर्जाचा हप्ता, थकलेला पगार, दुकानदाराची उधारी, रात्री झोप उडवणारं सगळं सव्वाशे वर्षं पुढे राहिलं आहे. हा १९०० सालचा एप्रिल आहे आणि तुम्ही गोंदियाच्या स्टेशनवर उभे आहात. गोंदिया जिल्हा व्हायला अजून नव्व्याण्णव वर्षं आहेत. सध्या हा भंडारा जिल्हा, मध्यप्रांत, आणि रूळ बंगाल-नागपूर रेल्वेचे.

मालडब्यातून पोती उतरत आहेत. तांदूळ ब्रह्मदेशातून आला आहे, समुद्र ओलांडून. धानाच्या या मुलखात बाहेरचा तांदूळ येतो आहे आणि पोत्यांच्या थप्पीपासून दहा हातांवर माणसं उकिडवी बसली आहेत. तिकडे ती बघतही नाहीत. तांदूळ आहे, घ्यायला पैसा नाही. गेल्या पावसाळ्यात पाऊस आला नाहीच म्हणायचा. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८९६-९७ मध्ये, असाच एक दुष्काळ होऊन गेला, तेव्हाची जखम भरलेली नाही. शेतात काम नाही म्हणून मजुराला मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून कोष्ट्याच्या लुगड्याला गिऱ्हाईक नाही, आणि सालदार ठेवणाऱ्यानं सालदार सोडून दिले. पैशाची ओढ घरोघर कशी पसरत जाते, हे तुम्हाला सांगायला नको. संवत १९५६ वरून लोक या सालाला पुढे छप्पनचा दुष्काळ म्हणतील.

दक्षिणेला निघा. नवेगावला जाणारी छोटी रेल्वे १९०८ मध्ये येईल, तोवर पायीच. वाटेत गिट्टी फोडणाऱ्यांची रांग लागते. सरकारी दुष्काळी काम आहे आणि मजुरी धान्याच्या भावावरून ठरते, म्हणजे जीव राहील इतकीच. बायका मातीच्या टोपल्या वाहताहेत. कोणी तुम्हाला थांबवत नाही, कोणी विचारतही नाही. पहाटे मात्र जंगलात हालचाल दिसते. मोहाखालचा पाचोळा साफ केला आहे आणि त्यावर पिवळट पांढरी फुलं टपटप पडताहेत. बायका, पोरं, म्हातारे वाकून वेचताहेत. उन्हं चढायच्या आत वेचायचं, वाळवायचं, चिंचोक्यांबरोबर शिजवायचं. मोह कोणी पेरलेला नसतो. त्याची मुळं खोल जातात आणि शेत करपलं तरी तो फुलतो. वेचणारी बाई पहिलं फूल कपाळाला लावून टोपलीत टाकते, तेव्हा त्या हाताकडे नीट बघून घ्या.

आता डोंगर जवळ येतात आणि मध्ये पाणी दिसतं. नवेगावचा बांध. या साली पाणी काठापासून खूप आत गेलं आहे, तरी पाणी आहे. भरलेला असता तर या तलावाचा घेर सुमारे सतरा मैल भरला असता.

इथे जरा आणखी मागे चला, दोनशे वर्षं. अठराव्या शतकाची सुरुवात. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत माणसं टोपल्यांनी माती टाकताहेत. कोहळी समाजाचा कोलू पाटील पाळ बांधतो आहे. चांद्याच्या गोंड राजानं काशीकडून या लोकांना इकडे आणलं, असं कोहळी सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा शब्द होता, असंही सांगतात. भोवतालच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. त्यांच्या कृपेनं पाळ पुरी झाली, अशी श्रद्धा आहे. बांधणाऱ्याला पुढे लोकांनी देव केलं. कोलासूर म्हणून त्याचं ठाणं तलावाजवळ पुजलं जातं.

मला या गोष्टीत एक फार मोलाचं वाटतं. ज्यानं पाणी अडवलं तो देव झाला, आणि ज्या बहिणींनी त्याला बळ दिलं त्याही देवच. देव देतो आणि माणूस बांधतो, अशी वाटणी या मुलखानं कधी केली नाही. दोन्ही एकाच पाळीत थापलेलं आहे. भंडारा-गोंदियातले हजारो तलाव असेच उभे राहिले. आज सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना मामा तलाव. त्या टोपल्या वाहणाऱ्यांपैकी कोणालाही छप्पनचं साल ठाऊक नव्हतं.

परत १९०० मध्ये या. तलावाच्या पाटाचं पाणी जिथे संपतं त्याच्याही पुढे ज्या घराच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आहेत, त्या घरात तुम्हाला उतरायचं आहे. म्हातारी, तिचा मुलगा, सून, चार वर्षांचा नातू. मुलगा गिट्टीच्या कामावर गेला आहे. घरातली ढोली रिकामी आहे, इतकी की आत हात घातला तर बोटांना नुसती माती लागते. पण कोपऱ्यात, राखेनं आणि शेणानं तोंड लिंपलेली मडकी आहेत. त्यांत बिजवाई आहे, पुढच्या पेरणीचं धान.

रात्री मोहाची लापशी वाटली जाते. नातू दोन घास खातो आणि तोंड फिरवतो. त्याचे हात काड्यांसारखे झाले आहेत, पोट मात्र फुगलेलं. सुनेची नजर मडक्यांवर जाते.

“पोराच्या अंगावर मांस नाई राह्यलं,” ती म्हणते. “ते धान ठेवून कोनाले पुजाचं हाय?”

“तो धान आपला नोहे, बाई. मिरगाचा हाय.”

“मिरगापावतर पोरगं राह्यलं पायजे ना.”

म्हातारी बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, “ज्यानं चोच देल्ली, तो चारा देईन.”

हे वाक्य तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. कोणाच्या घरी पाचवं मूल झालं की म्हणायचं, कोणाची नोकरी गेली की म्हणायचं. पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसाला ऐकवलं की ते वाक्य क्रूर होतं. इथे ते उपाशी बाई म्हणते आहे, स्वतःच्या नातवाकडे बघत, आणि तिला ते म्हणताना किती जड जातं आहे हे तुम्हाला दिसतं आहे. तरीही सुनेचं खोटं आहे असं समजू नका. आई आहे ती. कोणाचं खरं, हे तुम्हाला ठरवता येणार नाही, मलाही येत नाही.

हिशेब असा आहे. ती मडकी फोडली तर काही आठवडे भात मिळेल. नंतर पाऊस आला तरी पेरायला काही नसेल. मग सावकाराकडून दिढीनं बियाणं आणायचं, म्हणजे एकाला दीड परत करायचं, आणि ते फिटलं नाही की बांधी जाणार. १८९७ नंतर शेजारच्या गोंड सालदाराचं हेच झालं. त्यानं तेव्हा बिजवाई खाल्ली, मुलं वाचली आणि जमीन गेली. त्याला कोण चूक म्हणेल? म्हातारीचा देवावरचा भरवसा त्या मडक्यांच्या तोंडावर लिंपलेला आहे. पाऊस येणार, देव एवढं करणार, म्हणून आपण एवढं राखायचं. ढग दिसत नसताना बियाणं राखून ठेवण्याहून मोठी प्रार्थना मला माहीत नाही.

आठवडा जातो. गावाजवळ सरकारी अन्नछत्र उघडल्याची खबर येते. शिजवलेलं अन्न, लहान मुलांना आणि काम न होणाऱ्यांना फुकट. या साली मध्यप्रांतात अशी अन्नछत्रं जागोजागी निघाली आहेत. पावसाळ्यापर्यंत वीस लाखांहून अधिक माणसं कोणत्या ना कोणत्या सरकारी मदतीवर जगत असतील. म्हातारी ऐकून मान हलवते. कोणी रांधलं, कोणाच्या पंगतीत बसायचं, चार लोकांत कटोरा पुढे कसा करायचा? आपण देणारी माणसं, मांडवाखाली दुसऱ्याला वाढणारी. मोह वेचून राहू.

तेव्हा सून उठते आणि पोराला कडेवर घेते. “देवानं चारा धाडला,” ती म्हणते, “अन् आपन म्हनाचं, हे ताट आपलं नोहे?”

म्हातारी गप्प होते. दुसऱ्या दिवशी कटोरा घेऊन ती स्वतः सुनेच्या मागून निघते. तुम्हीही त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहा, थोडा वेळ. तुमच्याही घरात कोणी असेल ज्याला भावाकडून पैसे घेताना मान खाली घालावी लागते, ज्यानं शाळेची फी माफ करून घ्यायचा अर्ज लिहून फाडला. देव देईल म्हणणं सोपं आहे. त्यानं परक्याच्या हातून दिलं तर हात पुढे करणं अवघड. म्हातारीला मडकी राखायला जेवढं बळ लागलं, त्याहून जास्त त्या रांगेत उभं राहायला लागलं आणि ते तिला सुनेनं दिलं.

सगळ्यांचं असं निभावलं नाही. १८९१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसं होती. १९०१ मध्ये ६ लाख ६३ हजार भरली. काही मुलूख सोडून गेली. बरीच मेली, भुकेनं आणि भुकेमागून आलेल्या पटकीनं, तापानं. त्या मेलेल्या माणसांचाही देवावर भरवसा होता. त्यांनीही मोहाचं पहिलं फूल कपाळाला लावलं होतं. भरवसा ठेवला म्हणून जगली, नाही ठेवला म्हणून गेली, असं जो सांगेल त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा कीर्तनकार असो. भरवशानं पाऊस पाडला नाही. त्यानं मडकी राखली, आणि रांगेतल्या बाईची मान ताठ ठेवली. दुष्काळात अजून एक गोष्ट तो करतो, ती बघायला जून उलटेपर्यंत थांबा.

पाऊस आला आहे. बांध्यांत चिखल, पाटात गढूळ पाणी, तलावाकडून बेडकांचा कल्लोळ. मडक्यांची तोंडं फोडली गेली. आत कीड नाही, धान सोन्यासारखं निघालं. म्हातारी ते सुपात घेऊन पाखडते आहे. दारात शेजारचा गोंड सालदार येऊन उभा राहतो. या साली मालगुजारानं त्याला कसायला एक बांधी दिली आहे, बियाणं नाही. तो मागत नाही, नुसता उभा आहे.

सून म्हातारीकडे बघते, म्हातारी सुनेकडे. घरची बांधी पुरी होईल की नाही, एवढंच धान आहे.

“कुडव आन,” म्हातारी सुनेला सांगते. आणि भरून भरून मोजते, मापावर शीग ठेवून.

“दिढी किती, माय?” तो विचारतो.

“कायची दिढी? तुह्या बांधीत पिकलं का तेवढंच आनून दे. नाई पिकलं तं पुढच्या सालाले बोलू.”

मग तिचं लक्ष तुमच्याकडे जातं. इतके दिवस घरात आहात, अन्न खाल्लंत, आणि कोरडे उभे आहात. पऱ्हे अजून उगवायचे आहेत, रोवणीला वेळ आहे, पण धुरे फुटले आहेत आणि पाणी वाहून चाललं आहे. ती तुमच्या हातात फावडं देते आणि बांधीकडे बोट करते. धोतर वर खोचा. खालच्या कोपऱ्याला धुरा सगळ्यात जास्त खचला आहे, सुरुवात तिथून करा.