बंदी घातलेली प्रार्थना

कोकणातील बेने इस्रायल समाजात ‘दारफाळणीचा सण’ म्हणून एक सण पाळीत असत. त्या दिवशी घराची दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून मंडळी अन्नपाण्यावाचून उपवास करीत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ह्या ‘शनवार तेल्यां’चे इब्री ग्रंथ काळाच्या ओघात हरवले होते, परंतु हा उपवास त्यांनी सोडला नव्हता. इब्री भाषेत ह्या दिवसाचे नाव योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. नववर्षारंभापासून दहाव्या दिवशी तो येतो. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याच्या सुमारास उपवासास आरंभ होतो, आणि एरवी सभास्थानाची पायरी न चढणारे कित्येक यहुदीही त्या सायंकाळी तेथे हजर असतात.

अशाच एका सायंकाळची हकीकत आज सांगावयाची आहे. देश जर्मनी, वर्ष १९३५.

लिओ बेक हे बर्लिनचे रब्बी होते. ‘रब्बी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘माझे गुरुजी’. वेदीवर यज्ञ करणारा याजक तो नव्हे. शास्त्र शिकविणारा आणि सणावारी आपल्या समाजाला चालू काळाचा अर्थ सांगणारा आचार्य तो. बेक ह्यांचा जन्म २३ मे १८७३ चा. यहुदी धर्माचे सार सांगणारा त्यांचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला होता, आणि पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यातील यहुदी शिपायांचे धर्मोपदेशक होते. १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता गेली, तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख यहुदी राहत होते. त्यांच्या संस्थांनी एकत्र येऊन जी मध्यवर्ती प्रतिनिधिसभा स्थापिली, तिचे अध्यक्षपद बेक ह्यांच्याकडे आले.

१५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबर्ग येथे झालेल्या कायद्यांनी यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांचे जर्मनांशी विवाह निषिद्ध ठरविले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरच्या सायंकाळी, प्रायश्चित्ताचा उपवास सुरू होणार होता. त्या सायंकाळी देशभरच्या सभास्थानांतून वाचण्यासाठी बेक ह्यांनी एक प्रार्थना लिहून पाठविली.

तीत प्रारंभी पापांची कबुली होती. छळ होत आहे म्हणून आपण निर्दोष ठरलो, असे बेक ह्यांनी लोकांस सांगितले नाही. परंतु कबुली देऊन झाल्यावर, आपल्यावर आणि आपल्या धर्मावर रचलेल्या असत्याचा त्यांनी तितक्याच निःसंदिग्ध शब्दांत धिक्कार केला. एकाच ईश्वराची उपासना, मनुष्यमात्राविषयी आदर आणि न्यायाची आज्ञा जगाला कोणी दिली, ह्याचे लोकांस स्मरण दिले. सरकारने हे वाचन मना केले आणि बेक ह्यांना अटक केली. पुढे लवकरच त्यांची सुटका झाली.

परदेशांतून त्यांना बोलावणी येत होती. त्यांनी देश सोडला नाही. बर्लिनमधील यहुदी विद्यापीठ १९४२ साली बंद पाडण्यात आले, तोवर ते तेथे शिकवीत राहिले. जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांना टेरेझिनच्या बंदिवासात नेण्यात आले. तेथेही दिवसभराचे कष्ट संपल्यावर दाटीवाटीने जमलेल्या बंदिवानांना ते प्लेटो आणि कांट समजावून सांगत.

परंतु ह्याच ठिकाणी त्यांच्यावर एक घोर प्रसंग आला. टेरेझिनहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्यांतील माणसांना ऑश्विट्झ येथे विषारी वायूने मारतात, ही वार्ता एका सहबंद्याने त्यांना सांगितली. त्यांनी ती कोणास कळू दिली नाही. मरणाची वाट पाहत जगणे मरणाहून कठीण, असे त्यांना वाटले. टेरेझिनला आणलेल्या सुमारे १,४०,००० माणसांपैकी सुमारे ८८,००० माणसे पुढे पूर्वेकडे पाठविली गेली. युद्धानंतर ह्या मौनाबद्दल बेक ह्यांच्यावर कठोर टीका झाली.

१९३५ साली त्यांनी आपल्या लोकांना सत्य सांगितले, कारण ते ऐकून माणसे ताठ उभी राहतील असा त्यांना भरवसा होता. १९४३ साली तो भरवसा त्यांना वाटला नाही. वर्गापुढे उभे राहणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ह्या दोन प्रसंगांचा विचार सहजी सोडवत नाही. त्यांच्या मौनामागे करुणा होती, ह्यात मला शंका नाही. तथापि गाडीत चढणाऱ्याला आपण कोठे चाललो हे जाणण्याचा अधिकार होता, असेच मला वाटते. आणि असे म्हणताना, ते ओझे माझ्या शिरावर नव्हते, हेही मला विसरता येत नाही.

मे १९४५ मध्ये बेक जिवंत सुटले. पुढे ते लंडनला राहिले, पुन्हा शिकवू लागले, आणि २ नोव्हेंबर १९५६ रोजी निवर्तले. कोकणातील मंडळी आपल्या घराची दारे स्वेच्छेने लावून घेत आणि उपवास संपल्यावर ती उघडीत. जर्मनीतील यहुद्यांची दारे दुसऱ्यांनी बाहेरून लावली होती. ती पुरती बंद होण्यापूर्वी एका गुरुजींनी आपल्या लोकांना दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या: आपले पाप कबूल करा, आणि दुसऱ्याचे असत्य कबूल करू नका. प्रार्थनेवर बंदी आली, तरी ते शब्द आज आपणांस वाचावयास मिळतात.