डीडीटीचा माग: गरुडाचं अंडं, सी लायनची चरबी

डीडीटी प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १८७४ साली. त्याने किडे मरतात हे पॉल म्युलरला कळायला १९३९ उजाडलं. १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे आपल्याकडे रसायनीच्या सरकारी कारखान्यातही ते बनलं. पण त्याचा माग काढायचा तर कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांकडे जावं लागतं.

लॉस एंजेलिसच्या माँट्रोज कारखान्यात १९४७ ते १९८२ डीडीटी बनायचं. सांडपाणी गटारातून समुद्रात जाई आणि विष तळाच्या गाळात बसे. गाळातून किडे, किड्यांतून मासे, माशांतून सी लायन. पांढऱ्या डोक्याचा गरुड मासे खातोच, शिवाय किनाऱ्याला लागलेलं सी लायनचं मढंही सोडत नाही. म्हणजे पंगतीत तो सगळ्यात शेवटी, आणि वाढप सगळ्यात विषारी.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेटांवरचे गरुड संपले. का, ते इंग्लंडमधून कळलं. डेरेक रॅटक्लिफने संग्रहातल्या जुन्या अंड्यांची टरफलं तोलली, मापली. दुसऱ्या महायुद्धानंतरची बहिरी ससाण्याची टरफलं एकाएकी पातळ झालेली होती. १९६७ मध्ये त्याने हे छापलं. शरीरात डीडीटीचं डीडीई होतं, ते टरफलाला मिळणारं कॅल्शियम अडवतं आणि अंडं आईच्याच वजनाखाली फुटतं.

सी लायनला टरफल नाही, त्यामुळे पुरावाही असा मापता येत नाही. विष चरबीत साठतं आणि आईच्या दुधातून पिलात उतरतं. १९७०च्या सुमारास अकाली पिलं जन्मली, तेव्हा बोट डीडीटीकडे गेलं. पण रोगजंतूही होतेच. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दगावणाऱ्या प्रौढ सी लायनमध्ये साधारण पाचात एकाला कर्करोग सापडतो. त्यामागे एक हर्पिस विषाणू आणि त्याच्या जोडीला ही साठलेली रसायनं. तरीही १९७२च्या संरक्षण कायद्यानंतर त्यांची संख्या वाढतच गेली. नुसती डोकी मोजणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं.

गरुडांना १९८०पासून कॅटलिना बेटावर पुन्हा सोडलं. अंडी फुटू नयेत म्हणून घरट्यात खोटी ठेवायची, खरी उबवणी यंत्रात. बेटांवर माणसाच्या मदतीविना पिल्लू निघालं ते थेट २००६ मध्ये, सांताक्रूझवर.

आता कॅलिफोर्नियातच बिग सरच्या किनाऱ्यावर पुन्हा सोडलेली कॉन्डॉर गिधाडं सी लायनची मढी खातात. त्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ निघतात. किनाऱ्यापासून आत राहणाऱ्या कॉन्डॉरची तशी नाहीत.